शेवटच्या तुळईवरची नावं

टोलीडो, ओहायो
९ मार्च २००४

प्रिय लॉइडकाका,

तुमची संत्र्यांची पेटी नाताळात आली आणि पोच द्यायला मार्च उजाडला. रागावू नका. दर वर्षीसारखी आईने आधी पेटीवरची चिठ्ठी सोडवून घेतली, तुमचं वळणदार अक्षर वाचलं आणि मला ऐकवलं, "बघ, एक नाताळ चुकवला नाही गड्याने. माणूस असावा तर लॉइडसारखा." पुढचं वाक्य ती बोलत नाही, पण मला ते सात वर्षांची असल्यापासून पाठ आहे. नाहीतर तुझा बाप.

बातमी अशी की आपली पेन्सिल, ती बँकेची उंच इमारत, पाडतायत. बँक जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून एकतीस मजले कबुतरांच्या मालकीचे होते. शेजारी कोर्ट असल्यामुळे सुरुंग लावता येत नाही, म्हणून वरून खाली एकेक मजला सोडवणार आहेत. मी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलते तिथून दिसते ती. माथ्यावर क्रेन चढलीय. तुम्ही आणि बाबांनी जे लोखंड जोडलं ते ही पोरं आता सुटं करणार.

खरं कारण वेगळंच आहे. आईची मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपवतात, आणि ती म्हणते, आता पुरे. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत म्हणतात. परवा तिने मला एक कागद दाखवला. दफनभूमीत रस्त्यापलीकडे नवा भाग झालाय, तिथे टेरेसामावशीच्या शेजारी तिने स्वतःसाठी जागा घेऊन ठेवली आहे. मी म्हटलं, "अगं, बाबांच्या शेजारी जागा आहे ना तुझी? दगड जोडीचा आहे." तर म्हणाली, "नऊ वर्षं झोपले त्याच्या शेजारी. पुरे झालं."

तुम्हाला ठाऊकच आहे कशामुळे. माझ्या बारशाच्या दिवशी बाबांनी पाद्रीसमोर गुडघे टेकून दारू सोडल्याची शपथ घेतली होती. आणि ते पेन्सिलवरून पडले त्या दिवशी कंपनीने त्यांचा कोट कागदी पिशवीत घालून घरी पाठवला, त्यात चपटी होती. अर्धी. पेपरात चार ओळी आल्या की कामगार दारू पिऊन वर चढला होता. लोकांचं काय, लोक विसरले. आई विसरली नाही. ते मेले याचं तिला दुःखच करता आलं नाही, काका, त्यांनी देवासमोर खोटी शपथ घेतली याचाच राग ती धरून बसली. दगडावर फोटो बसवायची जी लंबगोल खोबण असते ना, ती आजही रिकामी आहे. पावसाचं पाणी साचतं आणि चिमण्या पितात.

तुम्ही बाबांचे जोडीदार होता. तुळईच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला तुम्ही, सहा वर्षं. त्या दिवशी तापाने तुम्ही घरी होता हे माहीत आहे. पण त्याआधी कधी ते कामावर पीत होते का? मला खरं सांगा. नसतील पीत, तर आईला तसं एक पत्र लिहा. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल.

तुमची
बर्नडेट

---

यूमा, ॲरिझोना
२२ मार्च २००४

बर्नी पोरी,

तुझं पत्र आलं. तुझ्या आईचं, जेनेव्हिवचं, सगळं वाचलं. तिला सांग, लॉइड रोज तिची आठवण काढतो.

पेन्सिल पाडतायत! आम्ही ती तेरा महिन्यांत उभी केली. समोरच्या बाजूला दुसऱ्या बँकेचं काम चाललं होतं. त्यांचे तीस मजले, आमचे एकतीस, आणि शहरातली सगळ्यात उंच इमारत कुणाची यावरून रोज दुपारी डब्यावर भांडणं. ती पोरं तिकडून ओरडायची, "काय रे, दमलात का?" आणि तुझा बाप कॅझ एका हाताने खांब धरून त्यांना टोपी काढून मुजरा करायचा. सरोवरावरून असा वारा यायचा की तोंडातली विडी विझायची. कॅझ त्या आठ इंची लोखंडावर असा चालायचा, जणू स्वयंपाकघरातून अंगणात निघालाय. केंटकीहून आलेल्या माझ्यासारख्या अडाण्याला त्यानेच उभं राहायला शिकवलं. "खाली बघू नको, पुढे बघ, आणि माझ्या पाठीवर विश्वास ठेव."

मी त्या दिवशी असतो तर कदाचित असं झालं नसतं. हे ओझं मी रोज वाहतो.

तू विचारतेस तो पीत होता का. मी काय सांगू? माझ्यासमोर नाही प्याला. पण माणूस दमला, थंडी असली, की काय करील कुणाला ठाऊक? शपथ मोडणारे मी पुष्कळ पाहिले. पोरी, इतक्या वर्षांनी खपली काढण्यात अर्थ नाही. तिला बहिणीशेजारी जायचं असेल तर जाऊ दे. आजारी माणसाला पत्रं लिहून त्रास कशाला?

पुढच्या आठवड्यात ग्रेपफ्रूट पाठवतो. मूत्रपिंडाला चालतात का ते डॉक्टरांना विचार.

तुझा
लॉइडकाका

---

टोलीडो
११ मे २००४

लॉइडकाका,

ग्रेपफ्रूट चालत नाहीत. शाळेतल्या बायकांना वाटले.

तुमचं पत्र मी आईला दाखवलं नाही. "माझ्यासमोर नाही" एवढंच वाक्य फाडून दाखवावं असं मनात आलं होतं, पण तिने उरलेलं मागितलं असतं.

आता ऐका. गेल्या आठवड्यात पाडकामाच्या मुकादमाचा फोन आला. ट्रॅव्हिस म्हणून तरणा माणूस आहे. माथ्यावरच्या तुळयांना आगीपासून बचावाचा जाड लेप थापलेला होता. तो खरवडला, तेव्हा एका तुळईखाली पांढरा रंग निघाला आणि त्यावर नावंच नावं. हीच ती शेवटची तुळई, जिच्यावर सगळ्यांनी सह्या करून, एका टोकाला पाइनचं झाड आणि दुसऱ्या टोकाला झेंडा बांधून वर चढवतात. ट्रॅव्हिसही लोखंडावरचाच, त्यामुळे त्याने ती भंगारात टाकली नाही. युनियनकडून नावं काढून घरोघरी फोन लावले.

मी शनिवारी गेले. दोन लाकडी टेकूंवर ठेवली होती ती, तुम्हीही तेव्हा अशीच ठेवली असेल. मधोमध रंगाने लिहिलंय, शुक्रवार, १८ ऑक्टोबर १९६८. बाबा पडले तोच दिवस. बाबांचं नाव मला लगेच सापडलं. कॅझिमिर नोवाचिक. पोलिश पद्धतीने शेवटच्या अक्षराला चिमटा काढल्यासारखं. मी त्यावर हात ठेवून उभी राहिले. त्यांचा मार मला आठवतो, मिशी आठवते, अक्षर कधी पाहिलंच नव्हतं.

आणि त्याला चिकटून, खाली, दुसरं नाव आहे. लॉइड टॅकेट.

मी ट्रॅव्हिसला विचारलं, "या सह्या आधी कधीतरी करून ठेवतात का? आठवडाभर आधी?" तो हसला. "छे हो ताई. त्याच दिवशी सकाळी रंगवतात. रंग ओला असतानाच सह्या आणि वर. आधी सही केली की अपशकुन मानतात."

तुम्ही तापाने घरी होता ना, काका?

बर्नडेट

---

यूमा
१८ मे २००४

बर्नी,

घाईत लिहितो. त्यात काही विशेष नाही. कुणी गैरहजर असला तर त्याची सही जोडीदार करायचा, म्हणजे त्याचं नाव राहून जाऊ नये. कॅझनेच माझी केली असणार. तसाच होता तो, सगळ्यांची काळजी घेणारा. हे वाचून मला रडू आलं. आईला जप.

लॉइड

---

टोलीडो
२६ मे २००४

लॉइडकाका,

दोन दिवस मी तुमच्यावर विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता. आमच्या घरात बाबांचा एकच दोस्त शिल्लक होता आणि तो दर नाताळात पेटी पाठवायचा.

पण आई काही टाकत नाही, तुम्हाला माहीत आहे. पेट्यांवरच्या चिठ्ठ्या तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आहेत. छत्तीस. काल मी डबा घेऊन इमारतीपाशी गेले आणि एकेक चिठ्ठी तुळईवरच्या नावाशेजारी धरली. ट्रॅव्हिस जेवत होता, त्यालाही बोलावलं. तुमच्या नावाच्या पहिल्या अक्षराची शेपटी तुम्ही पार शेवटपर्यंत ओढत नेता, चाबकासारखी. तुळईवर ती बाबांच्या नावातून पलीकडे गेली आहे. ट्रॅव्हिस सँडविच खाली ठेवून म्हणाला, "एकाच माणसाचा हात आहे हा. याबद्दल पैज लावायचीही गरज नाही."

आईने मशीन बंद करायचं ठरवलंय. सात जूनचा सोमवार शेवटचा. त्यानंतर आठवडा, फार तर दहा दिवस. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगू तरी काय? की तुझ्या आयुष्यात जो एकच चांगला माणूस उरला होता तोही खोटारडा निघाला?

तुम्ही तिथे होता. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ते लिहायचं असेल तर लिहा. नवी गोष्ट रचायची असेल तर तिकीट वाया घालवू नका, मी पाकीट उघडणार नाही.

बर्नडेट

---

यूमा
३ जून २००४

बर्नी,

आठ कागद फाडले. हा नववा. जसं येईल तसं लिहितो.

त्या गुरुवारी मी रात्रभर प्यालो. आम्ही समोरच्यांच्या आधी माथ्यावर पोचलो होतो, त्याची मस्ती. सकाळी सातला तुळई रस्त्यावर लाकडी टेकूंवर होती, रंग ओला होता. तुझ्या बापाने सही केली, मग मी. माझा हात सरळ चालत नव्हता, त्याच्या नावाला माझं नाव घासून गेलं. तो माझ्या तोंडाजवळ आला आणि म्हणाला, "घरी जा, लॉइड."

मी म्हटलं, "शेवटची तुळई आहे, कॅझ. तेरा महिने काम केलं आणि ही चुकवू?"

त्याने मला मुकादमाच्या नजरेआड नेलं. काळी कॉफी पाजली, पेपरमिंटच्या दोन गोळ्या दिल्या. माझ्या डब्यात चपटी होती ती काढून घेतली. "ही संध्याकाळपर्यंत माझ्याकडे," म्हणाला, आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात घातली. वर गेल्यावर त्याने तो कोट खांबाला अडकवला.

ती चपटी माझी होती, बर्नी. त्याने थेंबही घेतला नव्हता.

अकराला खाली महापौर होता, शाळेचा बँड होता. तुळई वर आली. तो पूर्वेच्या टोकाला, मी पश्चिमेच्या. नियम असा की प्रत्येक टोकाला दोन बोल्ट बसवून पान्याने आवळायचे, मग हात वर करायचा. दोघांचे हात वर गेले की एकाने मध्ये चालत जाऊन क्रेनचा दोर सोडवायचा. मी एक बोल्ट बसवला. तोही हातानेच फिरवला. दुसरा माझ्या बोटांतून निसटला, नवा पिशवीत शोधत बसावं तर सगळं शहर बघत होतं. मी हात वर केला.

कॅझने माझा हात पाहिला आणि चालत आला. माझ्या टोकाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. सहा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. दोर सुटला आणि तुळई माझ्या बाजूने कलंडली. तो ओरडला नाही. बँड वाजतच होता, त्यांना कळायला वेळ लागला.

कोट मुकादम हॅगर्टीने पाहिला. चपटी बाहेर काढून म्हणाला, "ही त्याची?" मी काही बोललो नाही. मला त्याला खोटंही सांगावं लागलं नाही, पोरी, मी फक्त गप्प राहिलो. त्याने माझ्या तोंडाचा वास घेतला, सगळं ओळखलं. म्हणाला, "टॅकेट, तू आज आलाच नव्हतास. ताप होता तुला." एक मेलेला दारुडा म्हणजे चौकशी एका दिवसात मिटते. दोन माणसं आणि अर्धवट बोल्ट म्हणजे कंपनी बुडते, युनियनची अब्रू जाते, असं त्याने मला समजावलं, आणि वरच्या बाकीच्या पोरांनाही. दुपारी घरी जाऊन मी खरोखर पांघरूण घेऊन झोपलो.

दफनाला आलो तेव्हा जेनेव्हिवने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "तू असतास तर त्याला सांभाळलं असतंस." तेव्हा बोलायला हवं होतं. मग रोज वाटायचं, आज बोलावं, आणि रोज ते आणखी कठीण व्हायचं. त्या दिवसापासून मी दारूला शिवलो नाही. पण त्याचा कुणाला काय उपयोग?

हे तिला वाचून दाखव. लवकर. ती मला शिव्या देईल, देऊ दे. फक्त त्याच्या शेजारी जाऊ दे तिला.

लॉइड टॅकेट

---

टोलीडो
२७ जून २००४

लॉइडकाका,

तुम्हाला दुसरं काय म्हणायचं ते मला सुचत नाही, म्हणून काका.

तुमचं पाकीट सात तारखेला आलं. सोमवार होता, आईला मशीनवरून शेवटचं घरी आणलं तो दिवस. जाडजूड पाकीट पाहिलं आणि मला वाटलं, आणखी एक गोष्ट, या वेळी लांबलचक. मी म्हटलं होतं उघडणार नाही. नाही उघडलं. फ्रीजवर ठेवून दिलं.

आई बारा तारखेपर्यंत शुद्धीवर होती. चांगली बोलत होती, शेजारणीच्या बीटच्या सुपात मीठ कमी आहे म्हणून तिला सुनावलंही. बुधवारी तिने विचारलं, "लॉइडचं काही आलं का?"

मी म्हटलं, "नाही."

फ्रीज तिच्या खाटेपासून बारा पावलांवर आहे. मी नंतर मोजली.

चौदाला गेली. अठराला तिच्या मनासारखं, रस्त्यापलीकडे, टेरेसामावशीच्या शेजारी ठेवली. लोक जेवून गेले, मी भांडी विसळली आणि फ्रीजवर फडकं मारताना पाकीट हातात आलं. उभ्याने वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. मी किती वेळ ओरडत होते मला माहीत नाही, शेजारीण आली म्हणून थांबले.

मी पाद्रीबाबांकडे गेले. आईला बाबांच्या शेजारी हलवता येईल का विचारलं. ते चांगले आहेत, ओरडले नाहीत. म्हणाले, "बर्नडेट, त्यांनी स्वतः सही केलेला कागद आहे. त्या म्हणाल्या होत्या, नाही. आता मी त्यांच्या वतीने हो कसं म्हणू?"

मला तुमची घृणा वाटते. हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तुम्ही आम्हाला संत्री पाठवलीत आणि माझ्या बापाला त्या चपटीसकट त्या कोटात सोडून दिलंत. पण काका, ते पाकीट मीही अकरा दिवस पडू दिलं. तिने सरळ विचारलं आणि मी नाही म्हटलं. गप्प राहायला किती थोडं लागतं ते मला आता कळतं, आणि ते कळलं याचाही राग येतो.

बाबांचा फोटो मी खोबणीत बसवला. मिशीवाला, टोपी तिरकी. चिमण्या दोन दिवस येऊन बघून गेल्या.

ट्रॅव्हिसने तुळईचा नावांचा तुकडा कापून द्यायचं कबूल केलंय. मी त्याला म्हटलं होतं, फक्त बाबांचं नाव हवं, दुसरं काढून टाक. त्याने कापायचं यंत्र खाली ठेवून नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "नाही जमणार, ताई. ही शेपटी यांच्या नावातून गेलीय. ती काढायला गेलो तर यांचंही नाव जाईल." म्हणून तुकडा तसाच आहे, दोघांचा, माझ्या व्हरांड्यात.

या वर्षी पेटी पाठवू नका. तुम्ही या. बसने या, चालत या, सहासष्ट वर्षांचे आहात, मेलेले नाही. जे मला लिहिलंत ते तोंडाने सांगा. मी सोबत येईन. आधी आईकडे जाऊ, मग रस्ता ओलांडून बाबांकडे. दोघं एका ठिकाणी नाहीत, त्यामुळे तुम्हाला ते सगळं दोनदा सांगावं लागेल.

बर्नडेट नोवाचिक